तिसऱ्या आग्रहाची वाट

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती पुरती ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मी एकदा अध्यक्ष होता होता राहिलो. तोंडाशी आलेला घास कुणी हिसकावला नाही हो, मीच हात आडवा धरला!

शहाण्णव सालची गोष्ट. लोकसभेचा निकाल लागला आणि बहुमत कुणालाच नाही. बनशंकरीच्या आमच्या घरात टीव्हीसमोर अख्खी गल्ली जमलेली. पहिलं सरकार औटघटकेचं ठरलं. मग डझनभर पक्षांनी मोट बांधली आणि पंतप्रधान शोधायला निघाले. ज्याला विचारावं तो म्हणे, मी नको. फिरत फिरत माळ पडली ती थेट आमच्या कर्नाटकाच्या माणसाच्या गळ्यात! कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने त्या दिवशी मला फुकट कॉफी पाजली. मीच निवडून आल्याच्या थाटात ती मी प्यायलो.

तिथेच माझं डोकं फिरलं.

कारण आमच्या मराठी मंडळाचीही तीच गत होती. एकीकडे आम्ही जुने, पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेले. आमच्या मराठीत निम्मं कन्नड आणि प्रसादाला चिंचेचा पुळिओगरे भात. दुसरीकडे पुण्या-मुंबईहून नव्याने आलेले कॉम्प्युटरवाले. त्यांना मोदक हवेत, ऑर्केस्ट्रा हवा. आमचे पुढारी वेंकोबराव, त्यांचे देवधर. मध्ये नागपूरची चार-पाच घरं, रोज पारडं बदलणारी. शेवटी देवधरांनी जाहीर केलं, "आम्ही आमचा गणपती वेगळा बसवतो."

एकाच रस्त्यावर मराठी माणसांचे दोन गणपती! वेंकोबरावांच्या वडिलांनी मंडळ उभं केलेलं. म्हातारा पार खचला. एका सकाळी माझ्याकडे आला.

"माधवण्णा, तुम्हीच अध्यक्ष व्हा. तुमच्यावर दोन्हीकडच्या कुणाचाच राग नाही बघा."

"का बरं?"

"तुम्ही आजवर काहीच केलं नाही ना!"

आता बोला! पण मला तो गौरवच वाटला. मी आरशासमोर भाषण पाठ केलं. पेढ्यांचा मोठा डबा आणून पिशवीत दडवला. आनेकलच्या मेहुण्याला निरोप धाडला, रविवारी ये, का ते विचारू नको.

बायको, म्हणजे इंदू, माझ्या सदऱ्याला इस्त्री करता करता म्हणाली, "विचारलं की हो म्हणा बरं का."

"छे! लगेच हो म्हणायला मी काय हावरट आहे?"

आमच्या जुन्या घरांतली रीतच तशी. पहिल्यांदा विचारलं की 'नको'. दुसऱ्यांदा विचारलं की जमिनीकडे बघत 'नको'. तिसऱ्यांदा विचारलं की, 'बरं, आता तुम्ही एवढं म्हणताय तर...' पुरणपोळी असो, सोयरीक असो, नाहीतर पद असो. पाहुणा दोनदा नको म्हणाला म्हणून कुणी पोळी परत नेली, तर ते घर आमच्यात कायमचं बदनाम!

रविवारी सभा भरली. देवधर उभे राहिले. "माधवराव अध्यक्ष होणार असतील तर आमचा गणपती वेगळा नाही. माधवराव, तयार आहात ना?"

"नको हो, मी कसला अध्यक्ष!" मी म्हणालो. आणि दिल्लीचं वारं डोक्यात होतंच, म्हणून वर जोडलं, "माझा बाहेरून पाठिंबा समजा."

टाळ्या! वेंकोबराव जाणते. ते लगबगीने पुढे आले. "असं कसं माधवण्णा? तुम्हीच हवे."

"नको, नको," मी जमिनीकडे बघत म्हणालो. पायाने पिशवी हळूच पुढे ओढली. आता फक्त तिसरा आग्रह!

वेंकोबरावांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात देवधर मध्ये पडले. "अहो वेंकोबराव, माणूस दोनदा स्पष्ट नाही म्हणतोय, जबरदस्ती कशाला? किती निःस्वार्थी माणूस! मग वहिनी, तुम्ही होता का अध्यक्ष?"

बायकांच्या रांगेतून इंदू उठली. आमच्याच जुन्या घरातली मुलगी. मला वाटलं, निदान दोनदा तरी नको म्हणेल.

"सरी," ती म्हणाली. म्हणजे, ठीक आहे. झालं!

आणि मग सगळ्यांसमोर मलाच म्हणते, "अहो, त्या पिशवीतले पेढे वाटा की."

घरी येताना मी विचारलं, "लाज नाही वाटली, एका विचारण्यात हो म्हणायला?"

"समोर एक माणूस खाली मान घालून बसलेला बघितला ना," ती म्हणाली. "तेवढं पुरलं."

त्या वर्षी गणपती एकच बसला. मोदकही झाले, पुळिओगरेही झालं. ऑर्केस्ट्रा वाजला आणि पहिल्या रांगेत वेंकोबराव ताल धरून होते. वर्ष उलटायच्या आत दिल्लीत बाहेरचा पाठिंबा निघाला आणि सरकार गडगडलं. मीही घरी एकदा धमकी देऊन पाहिली. "पाठिंबा काढून घेईन हं!"

"काढा की. होता कुठे?"

कधी कधी वाटतं, दिल्लीत ज्यांनी ज्यांनी नको म्हटलं, त्यांच्यातही कुणी माझ्यासारखा जमिनीकडे बघत बसला असेल का? देशाचं कुणास ठाऊक. मंडळाचं मात्र मी नको म्हटल्यानेच भलं झालं. आयुष्यात मी केलेलं तेवढंच समाजकार्य, आणि तेही करायचं मनात नसताना!

पुढच्या गणपतीला अध्यक्षीणबाई स्वतः पुरणपोळी वाढत होत्या. माझ्या पानाशी आल्या. सवयीने माझा हात आडवा. "नको."

ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. पानावर तूप आधीच वाढून झालेलं.

"सरी," म्हणाली, आणि पोळी गेली शेजारच्या देवधरांच्या पानात.

त्या दिवसापासून शपथ घेतलीय. कुणी काही विचारलं की पहिल्या फटक्यात हो!

काय म्हणालात? अजून अर्धा कप घेणार का? हो, हो, ओता!

...असं काय एकमेकांकडे बघताय? किटली रिकामी? म्हणजे तुम्ही नुसतं रीत म्हणून विचारलंत होय!