घोडीची दाढ

लगाम दिसला की घोडी मान झटकायची, चावायला धावायची. तबेल्याचा मालक वैतागला होता. "काका, डोकं फिरलंय हिचं. उद्या खाटकाला देतो."

"आठवडा थांब."

तीस वर्षं घोड्यांचे वाढलेले दात तासणाऱ्या काकांनी तिच्या तोंडात हात घातला. मागच्या दाढेची धार गालात रुतली होती. त्यांनी ती कानशीने घासून गुळगुळीत केली.

आठवड्याने गालाची जखम भरली आणि घोडीने मुकाट्याने लगाम घेतला.

"तुमची असती तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतंत!" मालक हसला.

स्वतःची घोडी काकांनी याच खोडीपायी खाटकाला दिली होती. कामाच्या गडबडीत तिचं तोंड उघडून बघायचं राहिलं होतं.

"दर सहा महिन्यांनी दाखवत जा," ते म्हणाले आणि कानस पुसू लागले.