आसराबाई बसल्याशिवाय गाडी नाही

वाटूर फाट्यावर इंद्रभानकडे गाडी दुरुस्तीला टाकली की ती कधी मिळेल, हे त्याला विचारण्यात अर्थ नसे. आसराबाईकडे बघायचं. आसराबाई त्याची बायको. ती सुपात तूर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली, इंद्रभानने परतूर रस्त्यावरच्या नाल्यापर्यंत गाडी नेऊन परत आणली आणि ती सूप सांभाळत उतरली, की समजायचं गाडी झाली. त्याआधी तुम्ही कलेक्टर असा नाहीतर नवरदेव, किल्ली हातात पडायची नाही. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. शाळेत तपासणी तोंडावर आलेली आणि हे नवरा-बायको आपले गाडीतून फिरायला निघालेले.

इंद्रभान सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. मी पुढे मास्तर झालो आणि तो मला ‘सर’ म्हणायला लागला, तेही थोडं चिडवल्यासारखंच. एका जागी बसणं त्याला कधी जमलं नाही. चहासुद्धा तो येरझाऱ्या घालत प्यायचा. एस.टी.त चढला तर आधी ड्रायव्हरच्या हाताकडे बघायचा, आणि स्टेअरिंग जरा जास्त हललं की पुढच्या थांब्याला उतरून जायचा. लोक हसायचे. मीही हसलोय.

पण बायकोला गाडीत बसवणं आणि ड्रायव्हरचे हात बघणं हे अठ्ठ्याऐंशी सालापासूनचं. त्या वर्षी आष्टीच्या बाजाराच्या दिवशी रामकिसन त्याच्याकडे आपली सवाऱ्यांची जीप घेऊन आला होता. टाय रॉडचा सांधा ढिला झालेला, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं तरी चाकाला ते उशिरा कळायचं. नवीन सांधा जालन्याहून आणावा लागणार होता. रामकिसनला घाई होती, सवाऱ्या ताटकळल्या होत्या. इंद्रभानने जुनाच आवळून दिला आणि हळू जा म्हणाला. आष्टीच्या अलीकडे सांधा निसटला. जीप रानात शिरली, सवाऱ्या वाचल्या, रामकिसनचा उजवा पाय गेला. आठ दिवसांनी त्याची बायको द्वारकाबाई फाट्यावर आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, की तुझ्या घरचं माणूस बसवून तू ही जीप दिली असती का?

दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेल्या पहिल्याच गाडीत त्याने आसराबाईला बसवलं. पदरात दोन लहान पोरी असलेली बाई. तिने का म्हणून विचारलं नाही. सूप तेवढं सोबत घेतलं.

पुढे पॉवर स्टेअरिंगच्या गाड्या आल्या. इंद्रभान जालन्याला महिनाभर राहून तेही काम शिकून आला. ते तेलावर चालणारं स्टेअरिंग त्याला मनापासून आवडलं, कारण त्यात काही लपून राहत नाही. तेल कमी झालं की पंप कण्हतो, पट्टा ढिला झाला की किंचाळतो, पाइप फुटला की खाली डाग पडतो. तेलात हवा शिरली तर टाकीत फेस दिसतो. मग चाकं उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसायचं, फेस जाईपर्यंत. मी एकदा शहाणपणा करून त्या टाकीत ब्रेक ऑइल ओतलं होतं. सगळी रबरी सीलं फुगली. इंद्रभान मला सगळ्यांसमोर इतकं बोलला, की वर्गात पोरांना बोलताना मला तो आठवायचा.

दोन हजार पाच साली मी वापरलेली छोटी गाडी घेतली. तिचं पॉवर स्टेअरिंग विजेवर चालणारं. महिनाभर लोण्यासारखं फिरलं आणि मग मध्येच पिवळा दिवा लागून जड व्हायला लागलं. दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा हलकं. माझ्या आईचं, दुर्गाबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्याला ठरलं होतं. तारीख दोनदा पुढे गेलेली, आता चुकवायची नव्हती. आदल्या दिवशी सकाळीच गाडी इंद्रभानच्या दारात उभी केली.

त्याने बॉनेट उघडलं आणि सवयीने तेलाची टाकी शोधायला लागला. टाकी नव्हती, पंप नव्हता, पट्टाही नव्हता. स्टेअरिंगच्या दांड्याला डब्याएवढी मोटर आणि तिच्यात शिरणाऱ्या वायरी. कान लावला, आवाज नाही. खाली झोपून पाहिलं, डाग नाही. टाय रॉडचे सांधे हलवून पाहिले, एकदम घट्ट. मग बॅटरीचे टर्मिनल खरवडून साफ केले, अर्थिंगची वायर घासून आवळली. दिवा गेला. तो एकटाच नाल्यापर्यंत गेला आणि आला. दिवा लागला नाही. पुन्हा गेला. दुपारपर्यंत त्याच्या सात चकरा झाल्या, आणि मी त्याच्या बाकावर बसून घड्याळाला शिव्या देत होतो. मधल्या वेळात तो बॉनेट उघडायचा, बंद करायचा, रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचा.

आसराबाई रानातून आली, हात धुतले, सूप घेतलं आणि नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडून बसली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

“उतर,” इंद्रभान म्हणाला.

तिला वाटलं काही राहिलं असेल. ती तशीच बसून राहिली. त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा उतरली आणि दाराला धरून उभी राहिली. माझं डोकं फिरलं. दिवा गेलाय, गाडी हलकी फिरतेय, आता आणखी काय पाहिजे तुला, असं बरंच काही बोललो. शेवटी म्हणालो, “तुझी बायको बसलेली चालत नाही, आणि माझी आई बसलेली चालते?”

“न्हाई चालत,” तो म्हणाला. “म्हणून तर किल्ली देत न्हाई. दिवा कशानं लागला व्हता ते मला समजलं न्हाई, सर. गेला, एवढंच समजलं. शहरात ही मोटर तपासायची मशीन हाय, तिकडं न्या, टेम्पोला बांधून.”

माझा राग अर्धा तिथेच गळाला. सतरा वर्षांत ‘मला समजलं नाही’ हे त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो, आणि हे बोलताना त्याची मान खाली गेली होती.

आसराबाई मात्र हलली नाही. तिने विचारलं, “मंग आजवर बसवलं ते?”

“तवा पक्कं ठावं असायचं. तू सकाळी रानात गेली की मी एकटा चकरा मारून घ्यायचो. चार, पाच. बिलकुल बराबर वाटली की मंग तुला बसवायचो. गाडी भरवशाची हाय हे लोकांला दिसावं म्हणून.”

“म्हणजे तपासायला न्हाई?”

“तुला घेऊन तपासीन का मी?”

मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं, की बायकोचा जीव पणाला लावून हा गाडी तपासतो. सगळ्या फाट्याला तसं वाटत होतं. आसराबाईने सूप कमरेला टेकवलं. नजर त्याच्यावरच ठेवून ती सुपातली तूर निवडायला लागली, खडा एकही नसताना. भीतीत हातांना काहीतरी काम हवं म्हणून ती गाडीत सूप नेत असे, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझीच मला लाज वाटली.

“सांगायचं व्हतं की मंग,” ती म्हणाली. “दर खेपेला मी शेजारी सांगून येत व्हते, आमी न्हाई आलो तर पोरींला मामाकडं पोचवा म्हणून. एकीचं लगीन झालं, तरी दुसरीसाठी सांगत व्हते.”

इंद्रभानच्या हातात पाना होता. तो ठेवायला त्याला जागा सापडेना.