आगीवरचा ढग

विमान हैदराबादहून होतं, पण मी खरी गेले ती संतपूरच्या फाट्यावरून. आई बॅगेचा पट्टा धरून उभी होती. अप्पा मात्र माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत होते. आमचं घराणं मेंढरं राखणारं. ती विकून वीस वर्षं झाली होती, शेतात आता तूर आणि सोयाबीन होतं, पण अप्पांची वर बघायची सवय मोडली नव्हती. बीदरची बस दिसली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं पाऊस कुनीकडनं येतो गं?"

मला ठाऊक नव्हतं. ढगांचंच काम करायला निघाले होते मी.

ऑस्ट्रेलियातल्या त्या ऑफिसात खिडकी नव्हती. उपग्रहाकडून तासाला एक चित्र यायचं आणि त्यातून वादळं हेरायची, ही माझी ड्यूटी. तिकडे उन्हाळ्यात जंगलं पेटतात. आपल्याकडे माळावरचं गवत पेटतं तसं नव्हे, डोंगरच्या डोंगर जळतात. आग फार मोठी झाली की तिची धग धुराला वर ढकलते, इतकी वर की त्या धुराचाच गडगडाटी ढग होतो. खाली भट्टी आणि माथ्यावर बर्फ. पाऊस जवळजवळ नाहीच, पण वीज पडते आणि नव्या आगी लागतात. वारा तर कुठूनही फिरतो. बाकीचे ढग वाऱ्याबरोबर पुढे सरकतात. हा एका जागी बूड रोवून बसतो, आणि रंगानं मळकट असतो.

तिथं जाऊन मला तीन वर्षं झाली होती. त्या दुपारी ड्यूटीवर मी एकटीच होते. तीनच्या चित्रात डोंगरापाशी एक मळकट ठिपका दिसला. माथ्याचं तापमान बघितलं, ते खूप खाली गेलं होतं. मी ओळखलं. पण आठवड्यापूर्वी माझा एक इशारा खोटा ठरला होता आणि साहेबांनी समजावलं होतं की दुसरं चित्र बघून खात्री करत जा. चांगल्या शब्दांत सांगितलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं होतं. फोन समोर होता. मी चारच्या चित्राची वाट बघत बसले.

चारच्या चित्रात ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला होता. मी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. तोवर ढगाखालचा वारा फिरला होता, आणि पाण्याचा टँकर घेऊन रस्त्यावर थांबलेला एक माणूस आगीत सापडला होता. तो गेला. चौकशीत माझं नावसुद्धा आलं नाही. निरोप तासभर आधी मिळाला असता तरी तो त्याच्यापर्यंत पोचला असता असं नाही, असं सगळे म्हणाले. मला कुणी रागावलंच नाही.

दोन दिवसांनी घरी फोन केला. भावाच्या मोबाइलला घराच्या माळवदावर चढलं तरच रेंज यायची, म्हणून अप्पा दुपारच्या उन्हात वर येऊन बोलत होते. मी सगळं सांगितलं. आगीतून ढग होतो हे त्यांनी लगेच मानलं. मग म्हणाले, "मग तू कवा सांगितलीस?"

हे तोपर्यंत मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, एक तास थांबले.

मग ते मारुतीकाकाबद्दल बोलायला लागले. अप्पांचा हा धाकटा भाऊ माझ्या जन्माआधी वीज पडून गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं. ठाणाकुशनूरच्या माळावर दोघं मेंढरं घेऊन गेले होते. ढग चढलेला बघून काका म्हणाला, खाली वगळीत, ओढ्याच्या घळीत, उतरू. एक मेंढी विणार होती, तिला हलवायचं अप्पांच्या जिवावर आलं.

"मी म्हणलो, थांब, ढग कुनीकडं जायलाय बघू. त्यो थांबला." मग म्हणाले, "तुझ्या आईलाबी ठाऊक न्हाई हे."

मी विचारलं, मग तुम्ही पुढचे दिवस कसे काढलेत?

"काढलो म्हंजे? मेंढरं हुती. सकाळी न्यावं लागायचं."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. तेव्हापासून दुसऱ्या चित्रासाठी थांबत नाही. माझे निम्मे इशारे खोटे ठरतात, लोक हसतात. त्या टँकरवाल्याच्या घरी एक चिठ्ठी लिहायला घेतली होती, ती अजून पुरी झालेली नाही.

दोन वर्षांनी अप्पा गेले. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस झाला होता. घरातली माणसं पांगल्यावर आई शेजारी येऊन बसली. त्या दिवशी उन्हात माळवदावर एवढं काय बोलत होतात, म्हणाली. मी म्हणाले, ढगांचं.

"मारुतीचं सांगितले व्हय?"

मी म्हणाले, तुला कसं ठाऊक?

"झोपंत बोलायचे. थांब थांब म्हनायचे. लगीन होऊन आले तवापासनं ऐकायले मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला ठाऊक हाय म्हून त्यास्नी कधी कळू दिले न्हाई. कळलं असतं तर झोपलेच नसते."

मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी झोपेत काय बोलते, ते विचारलं. तिकडे माझ्या घरात मी एकटीच राहते. मी म्हणाले, ऐकायला कुणी नाही गं.

"मग आज हितं माझ्यापाशी झोप," ती म्हणाली.

परदेशातल्या कागदांवर घरचा पत्ता लिहायची वेळ येते तेव्हा मी तिकडच्या घराचाच लिहिते, आणि तो खोटाही नाही. पण घर कुठलं, असं कुणी खरंच विचारलं तर मला त्या रात्री आईशेजारी अंथरलेली सतरंजी आठवते. सकाळी उठल्यावर आईनं मला काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.