मास्तरांचे पाय आणि वकिलांची पॅन्ट

मास्तरांना एका जागी उभं राहिलेलं बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. शिंप्याचं दुकान ते केवढं, चार पावलांत भिंत लागते. पण हा माणूस त्यातही फेऱ्या मारायचा. टेबलाला हात, मग कपाटाला, मग दाराच्या कडीला, की परत टेबलाला. जणू फर्निचरची विचारपूस करायची नोकरीच लागली होती. तिथेच काज-बटणं करत बसलेली बायको म्हणायची, "अहो, पायाला भिंगरी बांधलीय का? बसा की घटकाभर."

"बसलं की पोट सुटतं," मास्तर म्हणायचे आणि कपाटाकडे निघायचे.

खरं कारण वेगळंच होतं. चालताना एखादवेळ निभावून जायचं, पण नुसतं उभं राहिलं की जमीन डुलायला लागायची. तळपायाखाली कायम कुणीतरी जाड गादी घातल्यासारखं वाटायचं. तोंड धुताना डोळे मिटले की तोल गेलाच म्हणून समजा. मग गृहस्थ एक डोळा उघडा ठेवून साबण लावायचे आणि लाल डोळा घेऊन दिवसभर फिरायचे. बायकोला सांगितलं होतं, "सहाएक महिने झाले, जरा मुंग्या येतात." शुगर पंधरा वर्षांची जुनी होती. पण शुगर रक्तात असते, पायांचा तिच्याशी काय संबंध, असं मास्तरांचं शास्त्र.

आणि पाय म्हणजेच तर मास्तर. मशीन पायाने चालवायचं. तीस वर्षं त्यांची टीप कॉलरच्या टोकाशी येऊन बरोब्बर थांबायची, आज्ञाधारक सुनेसारखी. आता पायाला थांब म्हटलं की तो दोन टाके पुढे जाऊन विचार करायचा. पाय पायडलवर आहे की बाजूला, तेही वाकून बघावं लागायचं. मशीन सुटलं तर आपल्याला मास्तर तरी कोण म्हणेल, हा किडा डोक्यात वळवळला की ते पुन्हा फेरीला उठायचे.

त्यात आले वकीलसाहेब. काळा कोट आणि पॅन्ट शिवायला टाकली होती, त्यातल्या पॅन्टच्या ट्रायलला. उंचीची खूण करायला मास्तर खाली बसले. खूण केली, उठायला गेले, तर पाय म्हणाले, आम्ही नाही बुवा. धरायला जवळ होतं काय? पॅन्ट. ती कंबरेला नुसती टाचलेली. पुढचं तुम्हीच समजून घ्या. रस्त्याने दोन बायका चालल्या होत्या, त्यांनी समजून घेतलंच.

वकीलसाहेब पॅन्ट वर ओढत म्हणाले, "मास्तर, अहो भर दुपारी? निदान दिवेलागणीपर्यंत तरी थांबायचं."

ज्या माणसाने खोकल्याचं औषधही दारूचा वास येतो म्हणून परत ठेवलं, त्याला हे ऐकावं लागलं. आणि मास्तर चक्क गप्प बसले. पाय गेलेत म्हणण्यापेक्षा प्यायलाय म्हटलेलं परवडलं, असं ठरवलं त्या शहाण्याने. वकिलाच्या तोंडी पडलेली बातमी ती, दोन दिवसांत गल्ली फिरून आली.

लेकीच्या कानावर गेलं तशी ती तडक आली. बाप पिणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, त्या जुनाट मशीनने पाय थकत असणार. तिने मशीनला मोटर बसवून दिली. प्रेमच ते, पण प्रेमाला शिवण कुठे येतं? मोटरचं पायडल जितकं दाबाल तितका वेग, आणि आपण किती दाबतोय तेच मास्तरांच्या पायाला कळेना. पहिल्याच टिपेला मशीन जे उधळलं, ते वकिलांच्या कोटाची एक बाही मनगटाशी बंद करूनच थांबलं.

"चांगलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "साहेबांना वेगळा हातमोजा नको."

हसता हसता त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. नवऱ्याच्या टाचेत टाचणी डोक्यापर्यंत रुतली होती. फरशीवर रक्ताचे ठिपके, टेबलापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत.

"अहो, दुखत नाही?"

"काय दुखायचंय?" मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांना धरून थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी टाचणी काढली, पट्टी बांधली. मग मास्तरांना झोपवून एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी ठोकून घुमवलं आणि पायाच्या अंगठ्याला टेकवलं. "डोळे मिटा. थरथर कळली की हो म्हणा."

"हो."

"आता?"

"हो, हो."

"आता?"

"कळतंय की. चांगलं कळतंय."

"मास्तर, चिमटा माझ्या खिशात आहे."

मास्तरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. नवऱ्याची चोरी पकडली जाताना बघवेना.

"शुगरने पायांच्या नसा मुक्या झाल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमिनीचा निरोप वर पोचतच नाही. तोल सांभाळायचं काम तुमचे डोळे करतात, म्हणून ते मिटले की तुम्ही आडवे. पावलांचे स्नायूही दुबळे झालेत."

"परत येईल?"

"गेलेलं बहुतेक येत नाही. आहे ते टिकवा. शुगर आवरा, घरातसुद्धा चप्पल, रोज तळपाय बघायचे. आणि ओट्याला धरून उभं राहायचा सराव."

"आणि मशीन?"

"त्यातलं मला कळत नाही. पण पायाच्या भरवशावर काही ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या, फक्त आता चपलेसकट. शुक्रवारी कोट द्यायचा होता. अकराव्या फेरीला मास्तरीणबाई उठल्या, मोटरचं पायडल वायरीसकट आपल्याकडे ओढलं आणि स्टूल घेऊन मशीनशेजारी बसल्या. "तुम्ही कापड धरा. पाय माझा."

"तुला टीप कुठे कळते?"

"मला 'थांब' कळतं. लग्नापासून ऐकतेय."

मग दोन दिवस दुकानात नुसता कल्ला. "अगं हळू, मागे कुत्रं लागलंय का?" "मग वेळेवर सांगा की, टीप पुढे गेल्यावर काय सांगताय?" चार वेळा उसवलं. गुरुवारी कॉलर जिथे थांबायला हवी तिथे थांबली. मास्तरांनी ती उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "बाही घे."

शुक्रवारी वकीलसाहेब दारात दिसले तसे मास्तर एका दमात बोलून मोकळे झाले. "साहेब, मी पीत नाही. शुगरने माझ्या पायांना जमीन कळत नाही. खाली बसलो तर उठता येत नाही, तेव्हा तुम्हीच टेबलावर चढा."

वकिलांचे कान लाल झाले. कोर्टात कुणाचं न ऐकणारा माणूस निमूटपणे बूट काढून, नवी पॅन्ट चढवून कापडाच्या टेबलावर उभा राहिला. मास्तरांनी खुर्चीत बसून, डोळ्यांसमोर आलेल्या पॅन्टची कड आरामात टाचली.

"ताठ उभे राहा, साहेब. आरोपीसारखे नको."

मग वकीलसाहेब उतरले आणि राहिलेली बाही होईपर्यंत बाकावर टेकले. जीभ चावून झाली होती, पण माफी मागायची सवय नव्हती; म्हणून त्यांनी आपुलकीने उलटतपासणी सुरू केली.

"कधीपासून आहे हे, मास्तर?"

"झाली असतील दोन वर्षं," मास्तर कापड सरकवत म्हणाले.

मशीन थांबलं.

"दोन वर्षं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला सहा महिने सांगितले होते."

वकीलसाहेबांना एकदम समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचावंसं वाटलं.

बाईंनी पायडल दाबलं ते तळापर्यंत. बाही सुसाट सुटली आणि वाकडीतिकडी धावत पार टोकाला गेली. मास्तर 'थांब' म्हणाले नाहीत. बाईंनी पाय उचलल्यावर त्यांनी बाही सोडवून घेतली, ब्लेड उचललं आणि एकेक टाका उसवायला लागले.

"अजून काय काय सांगायचं राहिलंय?" बाईंनी विचारलं.

"आहे बरंच," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "बाही उसवून होईपर्यंत पुरेल."