हौशीचं नाव

रोह्याच्या हळदीत, भर मांडवात, नवरदेवाच्या काकाने गायकाला विचारलं, "ही बाय कोन?"

गायकाला सगळे दादा म्हणतात. तो माईक तपासत म्हणाला, "आमची कामवाली. कपडे-बिपडे सांभालते."

मी समोरच उभी. हातात त्याचे कपडे नव्हते. माझी गाण्यांची वही होती.

दादाची गाजलेली सगळी गाणी माझी. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंग देता देता जुळवलेली. वडखळच्या नाक्यावर रिक्षात वाजली की ऊर भरून यायचा, खोटं कशाला बोलू? पण गीतकार म्हणून नाव त्याचंच. वर त्याला शब्द पाठ राहत नाहीत. म्हणून दर कार्यक्रमाला मी स्टेजच्या कडेला उभं राहायचं आणि पुढची ओळ ओठांनी दाखवायची.

माझी आय धवलारीण. धवले गाऊन लोकांची लग्नं लावायची. अंगठेबहाद्दर, पण सगळे धवले तोंडपाठ. ती गेली तेव्हा मी तिच्यावर गाणं केलं. शेवटच्या कडव्यात तिचं नाव घातलं, हौशी. रेकॉर्डिंग ऐकलं तर तिथे दादाचं नाव!

"तुझे आयेला कोन वलखतंय गो?" म्हणाला.

तेव्हा मी गप्प बसले. त्याची लाज अजून जात नाय.

रोह्याला लोकांनी तेच गाणं मागितलं. दोन कडवी झाली आणि दादा अडकला. माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड मिटलं. ढोलकीवाला तीच चाल फिरवत राहिला. पोरी हसायला लागल्या. दादाने माईक बाजूला धरला आणि खेकसला, "बोल ना गो! माज आलाय काय?"

व्हय. आलाय.

मी हळद लावणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिले. माईक नाय, काय नाय. शेवटचं कडवं खणखणीत गायले, आयच्या नावासकट.

एक म्हातारी हळदीचे हात तसेच वर धरून उठली. "हौशी धवलारीण? पेनची? अगो, माझं लगीन तिनंच लावलं!"

दादाने ऐकलं. सगळ्या मांडवाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नवीन गाणं दे, तुझं नाव टाकतो, खाली बारीक अक्षरात.

नाय म्हटलं. आता माझी गाणी मी गाणार, फाटक्या आवाजात का होईना. दुसऱ्या कुणाला गायची असतील तर खुशाल गावी, पण हौशीचं नाव घेऊन. ते जड जात असेल, तर त्याने मांडवात मुकं उभं राहावं. शब्द मी सांगणार नाय.