आश्रुबाचा ब्रेक

लिंबागणेशच्या पुढे, आमच्या गावामागच्या टेकडीवरून माणसं तारेला लटकून खाली यायला लागली, ती आश्रुबामुळे. त्याचं लहानपण मेंढरांमागे गेलं आणि उमेद विहिरी खोदणाऱ्या क्रेनवर. एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःला इंजिनिअर ठरवलं होतं. भेटेल त्याला तो हे ऐकवी. भेट टाळणाऱ्याला हाक मारून ऐकवी.

सुंदरराव गावचे जमीनदार आणि पुढारी. मनालीला जाऊन आल्यापासून त्यांना आपल्या टेकडीत मनाली दिसू लागली. टेकडीवर धड सावली नाही, आणि बर्फ तर आमच्याकडे रसवंतीवरही मोजून मिळतो. तरी साहसी पर्यटन केंद्र निघालं. परदेशी सामान परवडेना, म्हणून आश्रुबाला बोलावणं गेलं. त्याने क्रेनचा वायररोप टेकडीवरून सुंदररावांच्या शेतापर्यंत ताणला आणि कप्पीला खुर्ची टांगली. खाली उतरायला ओटा बांधला. ओट्यामागे कडब्याची गंजी होती, ती कोणी हलवली नाही.

ब्रेक मात्र त्याचा स्वतःचा. कप्पीवर टायरच्या रबराचा चिमटा. बसणाऱ्याने दोरी ओढली की चिमटा तार आवळतो आणि खुर्ची थांबते. तो स्वतः कितीदा तरी बसून आला आणि दरवेळी ओट्यावर थांबला, हे मान्य केलं पाहिजे. पाटीवर ‘आश्रुबा ब्रेक’ असं नाव लागावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

सुंदरराव म्हणाले, "उद्घाटनाला मीच बसतो. वट्यावर थांबलो तर नाव लागंल. न्हाई थांबलो तर तू आपली मेंढरं सांभाळ."

उद्घाटन शनिवारी ठेवलं. सुंदररावांच्या आई छबुबाई पूजेला आल्या. नारळ, हळदकुंकू झालं. मग त्यांनी तेलाची बुधली काढली. नवं लोखंड, त्यात शनिवार. ओट्याजवळच्या तारेला हात पोचेल तिथवर त्यांनी तेल चोळायला घेतलं. लेकरू सुखरूप उतरू दे, म्हणाल्या. लेकरू साठी ओलांडलेलं होतं.

रबर कोरडीच तार धरतं, हे त्या गर्दीत दोघांना ठाऊक होतं. एक आश्रुबा आणि दुसरी त्याची बायको सारजाबाई, कारण रोज जेवताना तिला तेच ऐकावं लागे.

"अवं, बोला की," ती कुजबुजली. "तेल घालायल्यात."

"मोठ्या घरची माय हाय. तिला कसं आडवू?"

"मग मागनं फडक्यानं पुसा."

"देवाचं तेल पुसू? चार लोकांत?"

"घरात लई इंजिनेर असता की. आता कावून वाचा बसली?"

आश्रुबा पुढे झाला, छबुबाईंच्या पाया पडला आणि त्यांचे हात मोकळे राहावेत म्हणून बुधली धरून उभा राहिला.

सुंदरराव फेटा बांधून, हार घालून निघाले. ओटा जवळ येताच त्यांनी दोरी ओढली. चिमटा तेलावरून घसरला. हात जोडून उभ्या असलेल्या आईसमोरून ते तसेच पुढे गेले आणि डोक्याकडून कमरेपर्यंत गंजीत शिरले. ओट्यावर थांबला तो फक्त फेटा.

चौघांनी पाय धरून त्यांना ओढून काढलं. कडबा काही मऊ नसतो; गालावर ओरखडे उमटले होते. आश्रुबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. तेवढ्यात पुण्याहून बोलावलेल्या पर्यटन कंपनीच्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

"हा शेवट भारी आहे, साहेब. कडब्यात घुसायचं. असं कुठेच नाही."

सुंदररावांनी मिशीतली काडी काढली. "मग? मुद्दामच ठिवलंय." आणि वळून म्हणाले, "आश्रुबा, त्यो बिरेक काढून टाक बे."

"व्हय मालक."

"आन नाव?" सारजाबाईने मागून विचारलं. नवरा तोवर चिमटा सोडवायला लागला होता.

आता पाटीवर ‘सुंदर जंप’ आहे. पाहुणा गंजीत घुसला की आश्रुबा विस्कटलेल्या पेंढ्या पुन्हा रचतो. कडब्याची युक्ती आपलीच, असं तो येणाऱ्याला सांगतो. ब्रेकचं विचारलं, तर म्हणतो, त्याची गरजच नव्हती.