कोहळी मूळचे कुठले?

काल तलावाच्या ओल्या मातीचा वास आला आणि आत्याची अनवाणी पावलं आठवली.

आम्ही कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे. माझ्या लहानपणी एका दुपारी अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बाबा म्हणाले, "आपून काशीहून आलो."

काकाजी उसळले, "कोण्या कागदात हाये? आपून इथलेच!"

आवाज चढले. पाळीवरून चालणारी आत्या मध्येच थांबली. "तळव्याले थंड लागून राहिलं. इथून पाणी झिरपते. भांडता कायले? माती आना!"

दोघंही चिखलात उतरले.

तेव्हा वाटलं, वाद अर्धाच राहिला. छे! आत्याच्या तळव्यांनी निकालच दिला होता.

काल सोबत आलेल्या माझ्या लेकीनं विचारलं, "आई, आपण मूळचे कुठले?"

म्हटलं, "चप्पल काढ आणि पाळीवर चालून पाहा."